एक मोळी कमी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनसंपन्न जिल्हे आहेत. पूर्वी हा सारा प्रदेश एकाच चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. साग, बांबू, मोह, तेंदू यांच्या दाट रानांमुळे या भागाला झाडीपट्टी असे सार्थ नाव मिळाले आहे. रान इतके जवळ असताना सरपणाची काटकसर कशाला करावी, असे तुम्हांला सहज वाटेल. परंतु झाडीपट्टीत सरपणाची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही.

चंद्रपूरजवळचे ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले. तेथील वाघ आज उद्यानाच्या सीमेबाहेरच्या रानांतही वावरतात. मुलांनो, वाघ हा माणसाचा वैरी नव्हे. परंतु काटक्या वेचताना वाकलेला किंवा मोहफुले गोळा करण्यासाठी खाली बसलेला माणूस त्याला एखाद्या चौपायी प्राण्यासारखा भासू शकतो. अशा प्रसंगी या दोन्ही जिल्ह्यांत अनेकांना प्राणास मुकावे लागले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गावोगावी गॅसच्या शेगड्या आल्या. तरीही टाकी पुन्हा भरून आणण्याचा खर्च सर्वांनाच झेपतो असे नाही. म्हणून अनेक घरांतील चूल अजून पेटतेच आहे. आठवड्यातून एक मोळी कमी लागली, तर घरातील माणसाची रानातली एक धोक्याची फेरी टळते. मग ही एक मोळी वाचवावी कशी?

पहिला उपाय अगदी सोपा आहे. भांड्यावर झाकण ठेवावे. उघड्या भांड्यातील वाफ आपल्याबरोबर पुष्कळशी उष्णता घेऊन जाते. दुसरा उपाय पाण्याच्या गुणधर्मात दडलेला आहे. पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि उकळी आल्यावर जाळ कितीही वाढवला तरी ते त्याहून अधिक तापत नाही. तेव्हा उकळी येताच चुलीतील लाकडे मागे ओढावीत. मंद आचेवरही अन्न तितकेच चांगले शिजते. तिसरा उपाय म्हणजे भिजत घालणे. तांदूळ अर्धा तास आणि हरभरा, वाल यांसारखी कडधान्ये रात्रभर भिजवली, तर ती लवकर शिजतात.

लाकूड कोरडे असणे हेही तितकेच महत्त्वाचे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. शिवाय धुराने डोळे चुरचुरतात ते वेगळेच. म्हणून शहाणी गृहिणी मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच लाकडे वळचणीखाली, जमिनीपासून थोडी उंच रचून ठेवते.

या भागात घरोघरी भात पिकतो. भात झोडपल्यावर उरणारे तणस जनावरांना घालतात. हेच तणस स्वयंपाकालाही साह्य करते. बांबूच्या मोठ्या टोपलीत वीतभर जाडीचा कोरड्या तणसाचा थर द्यावा. तांदूळ चुलीवर दहा मिनिटे चांगला उकळू द्यावा. मग भांडे खाली उतरवावे, त्याच्या बुडाला निखारा चिकटलेला नाही याची खात्री करावी आणि घट्ट झाकणासह ते टोपलीत ठेवावे. भोवती तणस दाबून भरावे व वर जुनी गोधडी पांघरावी. तासाभरात चुलीविना भात तयार होतो. तणसाच्या काड्यांत कोंडलेली हवा भांड्यातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मध्येच झाकण उघडू नये, आणि भात गरम असतानाच वाढावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९३९ ते १९४५ या वर्षांत, इंधनाची टंचाई झाली तेव्हा इंग्लंडमधील गृहिणीही गवत भरलेल्या पेटीत अशाच रीतीने अन्न शिजवीत.

चूल विझली तरी तिचे देणे संपत नाही. चाळलेल्या राखेने भांडी लख्ख निघतात. कोरड्या राखेत मिसळून ठेवलेल्या भाजीपाल्याच्या बियांना सहसा कीड लागत नाही. परसातील झाडांना मूठभर राख घातली, तर त्यांना पालाश मिळते. तांदूळ धुतलेले पाणी गाईच्या घमेल्यात जाते.

मोहफुलांचीही गोष्ट अशीच आहे. उन्हाळ्यात पहाटे ती जमिनीवर गळून पडतात. ती स्पष्ट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि त्यातून कधी कधी वणवा पसरतो. त्याऐवजी जुनी लुगडी एकमेकांस शिवून झाडाखाली अंथरली, तर फुले स्वच्छ मिळतात, रान जळत नाही आणि वाकून वेचण्याचा वेळही वाचतो.

कंजूष मनुष्य गरज असतानाही वस्तू वापरत नाही. काटकसरी मनुष्य ती वापरतो, परंतु तिचा पुरता उपयोग झाल्यावाचून टाकत नाही. रानात राहिलेली काटकी कुजून मातीचे पोषण करते, आणि ती आणायला न गेलेली आई दिवस मावळण्याआधी घरात असते.

स्वाध्याय

१. कंजूष व काटकसरी यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. उकळी आल्यावर जाळ कमी का करावा?
३. तणसाच्या टोपलीत भात शिजण्याचे कारण लिहा.
४. तुमच्या घरी एका दिवसात किती इंधन लागते, ते वडीलधाऱ्यांना विचारा व बचतीचे दोन उपाय सुचवा.