प्रिंटर 'ऑफलाइन' का दाखवतो? (तारेने जोडलेल्या प्रिंटरची तपासणी, पायरी पायरीने)



शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की आपल्या घरचा प्रिंटर रोज कामाला लागतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी प्रिंटर नाही, आणि मोबाइलवर पीडीएफ बघून उत्तरपत्रिकेतली वर्तुळं रंगवायचा सराव होत नाही. म्हणून मुलुंडच्या आमच्या घरी रात्रीची जेवणं आटपली की मी सराव प्रश्नपत्रिका छापायला बसते.

अशाच एका रात्री संगणक म्हणाला, 'प्रिंटर ऑफलाइन'. दुपारी तर नीट चालत होता! मधे फक्त एकदा लाइट जाऊन आली होती. मग मी सगळं तीनदा बंद-चालू केलं, केबल काढून लावली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. साडेअकरा वाजले, पण एक कागद निघाला नाही. दुसऱ्या दिवशी प्रश्न फळ्यावर लिहिले. निम्मा तास उतरवून घेण्यातच गेला.

संध्याकाळी घाटकोपरचा भाचा आला. त्याने एकच प्रश्न विचारला, "मावशी, निरोप कुठपर्यंत पोहोचतोय ते पाहिलंस का?" आजचा धडा याच प्रश्नावर आहे.

संगणकाचा निरोप राउटरमार्गे प्रिंटरकडे जातो. तो वाटेत कुठे अडला हे शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

पायरी १ : तार

लॅन केबलच्या टोकाला आठ पिना असतात. ती नीट बसली की 'टक्' असा आवाज येतो. फॅक्सची सोय असलेल्या प्रिंटरला टेलिफोनच्या तारेचं लहान छिद्रही असतं. ते वेगळं, लॅनचं मोठं. राउटरकडे केबल 'लॅन' लिहिलेल्या छिद्रात हवी. 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं छिद्र बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी असतं.

केबल दाराच्या फटीत चेपली आहे का? उंदराने कुरतडली आहे का? टोकाची प्लास्टिकची चिमटी तुटली आहे का? पावसाळ्यानंतर पिनांवर गंज दिसतो का? शंका आली तर चालू असलेली दुसरी केबल लावून बघा. लांबीची काळजी नको. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या फ्लॅटमध्ये तेवढी लागतच नाही.

पायरी २ : दिवा

केबल लावलेल्या छिद्राजवळ, किंवा राउटरच्या पुढच्या बाजूला, छोटा दिवा असतो. तो लागला म्हणजे तार जोडली गेली. लागला नाही तर राउटरचं दुसरं लॅन छिद्र वापरून पाहा. तरीही नाही, तर प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जा. अनेक घरगुती प्रिंटर वायफाय किंवा तार यांपैकी एकच चालू ठेवतात. तिथे 'वायर्ड' निवडलेलं हवं.

पायरी ३ : पत्ता

आता प्रिंटरचा आयपी अ‍ॅड्रेस बघा. तो प्रिंटरच्या स्क्रीनवर नेटवर्कच्या माहितीत मिळतो. स्क्रीन नसेल तर प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे नेटवर्कची माहिती असलेला कागद छापून घ्या. (आकडे इंग्रजीत दिसतील.)

• घरात सहसा १९२.१६८.१.७ असा पत्ता असतो. संगणकाच्या आणि प्रिंटरच्या पत्त्यातले पहिले तीन गट साधारणपणे सारखे हवेत. १९२.१६८.१ आणि १९२.१६८.० असा फरक दिसला, तर घरात दोन राउटर असून दोघे वेगवेगळ्या राउटरवर आहेत का ते पाहा.

• पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि प्रिंटरने स्वतःच एक तात्पुरता घेतला. अशा वेळी दोन्ही बंद करा. आधी राउटर चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग प्रिंटर चालू करा.

पायरी ४ : हाक

संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. इंग्रजीत पिंग लिहून, एक जागा सोडून, प्रिंटरचा पत्ता लिहा आणि एंटर दाबा. प्रिंटरच्या पत्त्यावरून 'रिप्लाय' आला तर वाट मोकळी आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' किंवा 'होस्ट अनरीचेबल' आलं तर मागच्या पायऱ्यांकडे परत जा. एक गंमत लक्षात ठेवा. कधीकधी ओळीत 'रिप्लाय' असतं, पण पत्ता आपल्याच संगणकाचा असतो आणि पुढे 'अनरीचेबल' लिहिलेलं असतं. ते उत्तर प्रिंटरचं नव्हे.

पायरी ५ : संगणकातली नोंद

माझी चूक इथे सापडली. लाइट आल्यावर राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला ५ ऐवजी ९ क्रमांकाचा पत्ता दिला. संगणक मात्र ५ वरच कागद पाठवत होता. चाळीतलं बिऱ्हाड ५ नंबरच्या खोलीतून ९ मध्ये गेलं आणि पोस्टमनला कोणी सांगितलंच नाही, तसं!

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्जमधून 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जा. आपला प्रिंटर निवडा, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' आणि मग 'पोर्ट्स' उघडा. 'अ‍ॅड पोर्ट'मधून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून नवा पत्ता लिहा.

पायरी ६ : कायमचा इलाज

राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असेल तर तिथे प्रिंटरसाठी एकच पत्ता राखून ठेवा. मग कितीही वेळा लाइट गेली तरी प्रिंटरला तोच पत्ता मिळेल.

एक सूचना : राउटरच्या मागचं 'रिसेट'चं बारीक छिद्र टाचणीने दाबू नका. त्याने तुमच्या इंटरनेटची सगळी सेटिंग पुसली जाऊ शकते.

तुम्हाला माहीत आहे का?

आपण ज्याला लॅनची तार म्हणतो त्या तंत्राचं नाव इथरनेट. २२ मे १९७३ रोजी अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याचं टिपण लिहिलं. तिथले 'आल्टो' नावाचे संगणक एकमेकांना आणि लेसर प्रिंटरला जोडायचे होते. म्हणजे प्रिंटर आणि ही तार यांची ओळख जुनी आहे!

भाच्याला सगळं तपासायला दहा मिनिटं लागली. त्या रात्री प्रश्नपत्रिका छापून झाल्या.

पण माझ्या मनात दुसरंच आलं. हातच्याची वजाबाकी चुकली की आपण पटकन म्हणतो, "याला गणित जमत नाही." खरं तर तो कुठल्यातरी एकाच पायरीवर अडलेला असतो. कधी हातचा घ्यायला विसरतो, कधी घेतलेला हातचा दशकातून कमी करत नाही. त्याच्यावरही 'ऑफलाइन' असा शिक्का मारण्याआधी विचारायला हवं, निरोप कुठपर्यंत पोहोचला?

पुढच्या वेळी प्रिंटर रुसला तर क्रम आठवा : तार, दिवा, पत्ता, हाक, नोंद.