शिकारीपासून पेरणीपर्यंत : वर्गात घ्यावयाचा एक पाठ

शेती अनादी काळापासून चालत आली आहे, असा समज खेडोपाडी आढळतो. वस्तुतः मानवाच्या इतिहासात शेतीचा काळ अत्यंत अल्प आहे. ही गोष्ट मुलांना व प्रौढांना पटवून देण्यासाठी ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील पाठ घ्यावा.

प्रथम तीस हात लांबीची दोरी अंगणात ताणावी. प्रत्येक हात म्हणजे दहा हजार वर्षे समजावीत. आजच्या मानवजातीचे वय सुमारे ३ लाख वर्षे मानले जाते. त्यांपैकी एकोणतीस हात मानवाने शिकार केली, कंदमुळे खणली व रानातील दाणे वेचले. शेवटचा हात तेवढा शेतीचा. नेवासे येथे प्रवरेच्या काठी सापडलेली अश्मयुगीन हत्यारे तर या दोरीच्याही आधीच्या मानवाची साक्ष देतात.

नंतर कार्तिक-मार्गशीर्षात माळावरची पिकलेली कुसळी व घरी बियाण्यासाठी राखलेले ज्वारीचे कणीस आणावे. दोन्ही कापडावर हलके झटकावीत. कुसळीचे बी गळून पडते. ज्वारीचा दाणा कणसास धरून राहतो. रानटी धान्यांचे दाणेही असेच गळत. ज्या ताटांचे दाणे गळले नाहीत, तेच कापणीत हाती आले व पुढे पेरले गेले. पिढ्यानुपिढ्या हे घडून रानगवताचे पीक बनले. पश्चिम आशियात गहू व जव, तर आफ्रिकेत सुदानच्या प्रदेशात ज्वारी अशा रीतीने माणसाळली.

आपल्या प्रदेशातील उदाहरण इनामगावचे आहे. पुणे जिल्ह्यातील हे गाव घोड नदीवर वसले आहे. घोड भीमेस मिळते व तीच भीमा पुढे पंढरपुरास येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आदींच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास तेथे शेतकऱ्यांची वस्ती झाली. कुडामातीची चौकोनी घरे, धान्याचे कोठार आणि नदीचे पाणी वळविण्यासाठी पाट व बांध त्यांनी उभारले. जव हे त्यांचे मुख्य पीक होते.

परंतु इ. स. पूर्व १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, असे संशोधकांचे मत आहे. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकार व पशुपालनावर भर वाढला. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती ओस पडली. शेती एकदा साधली म्हणजे कायमची टिकते असे नाही, हा यातील मुख्य धडा होय.

सोलापूर जिल्ह्यास हा धडा विशेष लागू आहे. येथील पाऊस बेभरवशाचा असल्यामुळेच १९३३ मध्ये सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनास प्रारंभ झाला. मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण रब्बीत आजही पेरले जाते. उताराला आडवी मशागत, बांधबंदिस्ती व निवडक बियाणे ही इनामगावच्या शेतकऱ्यास न लाभलेली साधने आज प्रत्येकाच्या आवाक्यात आहेत.

पाठाच्या शेवटी मुलांना एक काम द्यावे. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, अशा वडीलधाऱ्यांना विचारावे : त्या वर्षी घरात बियाणे कसे राखले? मिळालेली उत्तरे वहीत लिहून पुढील वर्गात वाचून दाखवावीत.