पाण्यातून भूमीवर

पावसाळ्यात दवाखान्याच्या मागील भिंतीवर जो हिरवा थर चढतो, त्यास आपण सरसकट शेवाळ म्हणतो. वनस्पतिशास्त्रास हे मान्य नाही. तळ्यात तरंगणारे हिरवे धागे ते शैवाल. भिंतीवर मखमलीसारखे पसरते ते बहुधा मॉस. या दोहोंच्या दरम्यान, सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी, वनस्पतींचे सर्वांत अवघड स्थलांतर घडले.

भूमीवरील वनस्पती समुद्रातून आल्या, अशी विद्यार्थिदशेत माझी समजूत होती. जनुकीय पुरावा मात्र गोड्या पाण्यातील हिरव्या शैवालांकडे बोट दाखवितो. आपण प्रयोगशाळेत पाहिलेला स्पायरोगायरा ज्या गटातला, तोच गट भूवनस्पतींचा सर्वांत जवळचा आप्त ठरला आहे.

पाण्याबाहेर पडलेल्या पेशीपुढचे पहिले संकट निर्जलीकरणाचे. गॅस्ट्रोच्या साथीत रात्र काढलेल्या डॉक्टरला ते निराळे सांगावयास नको. वनस्पतीने अंगावर मेणचट आवरण घेतले, पाणी टिकले. पण त्याच आवरणाने कार्बन डायऑक्साइडचीही वाट अडली. म्हणून पर्णरंध्रे आली. ती उघडावीत तर पाणी जाते, मिटावीत तर अन्न तयार होत नाही. तहानेने मरावे की भुकेने, हा पेच झाडे आजही दिवसभर सोडवीत असतात. अवर्षण ओळखून पेशींना सावध करणाऱ्या यंत्रणेतील काही जनुके शैवालांना मातीतील जिवाणूंकडून मिळाली असावीत, असे अनुमान २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडले गेले. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्रतिजैविक-प्रतिकाराने आपल्याला हैराण केले आहे. तशाच जनुकांच्या देवघेवीने येथे केवढे उपकार केलेले दिसतात!

या इतिहासातील माझे आवडते प्रकरण एका व्यवसायबंधूचे आहे. स्कॉटलंडमधील एल्गिन येथील डॉ. विल्यम मॅकी यांना रुग्णसेवेइतकाच खडकांचा नाद होता. १९१२ साली रायनी या खेड्याजवळ त्यांना चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या दगडात वनस्पतींचे अवशेष आढळले. उष्ण झऱ्यांच्या सिलिकायुक्त पाण्याने सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जणू पॅराफिन ब्लॉकमध्ये जतन करून ठेवल्या होत्या. पुढे किड्स्टन आणि लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांचे सविस्तर वर्णन केले. बहुतेकांना पाने नाहीत, खरी मुळे नाहीत, नुसत्या वीतभर दांड्या. तरीही त्यांवर पर्णरंध्रे स्पष्ट दिसतात.

आणखी एक गोष्ट त्या पातळ छेदांत सापडली. काही दांड्यांच्या पेशींत बुरशीचे झाडासारखे फाटे फुटलेले तंतू होते. आपल्यासाठी बुरशी म्हणजे नायटा किंवा मधुमेही रुग्णाच्या नाकातला काळा खपला. येथे मात्र ती मातीतील फॉस्फरस आणून देत होती आणि मोबदल्यात शर्करा घेत होती. बहुसंख्य भूवनस्पतींच्या मुळांशी हा करार अद्याप चालू आहे. मुळे नसलेल्या जिवाला ओसाड खडकावर एवढा आधार नसता, तर त्याचा निभाव कितपत लागला असता, मला शंका आहे.

भूवनस्पतींना भ्रूणधारी म्हणतात. फलित अंडे त्या मातृदेहातच ठेवून पोसतात आणि त्या पोषक ऊतीला वनस्पतिशास्त्रज्ञही प्लॅसेंटाच म्हणतात. दवाखान्यामागच्या मॉसमध्येही ती असते. वैशाखात काळवंडलेला तो थर मृगाच्या सरींनी पुन्हा हिरवा होतो. त्याच्या शुक्रपेशींना मात्र अजूनही अंड्यापर्यंत पोहतच जावे लागते. त्यासाठी पावसाचा एखादा थेंब पुरतो.