न तुटणारा सूर आणि त्यातला निरोप

कोरेगाव भीमाच्या परिसरात कुस्त्यांचा फड भरला की हलगी कडाडू लागते. फडाकडे पाठ करून उभे राहिलात तरी झुंज रंगात आल्याचे जलद ठेक्यावरून कळते. म्हणजे ताल शब्दांवाचून निरोप देतो. फुंकून वाजवायच्या वाद्याने हे कसे साधते?

पालघर जिल्ह्यात जव्हार, डहाणूकडे वारली लोक तारपा वाजवतात. वाळलेला दुधी भोपळा, वेळूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढीच सामग्री. वादक मध्यभागी असतो व नाचणारे त्याच्याभोवती साखळी धरून फिरतात. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात. कोणी तोंडाने हुकूम देत नाही. सूर तुटला तर मात्र नाचही थांबेल.

मग वादक श्वास घेतो केव्हा? तो गालांत हवा साठवतो. टाळूचा मागचा मऊ भाग जिभेला टेकवून तोंड व घसा यांची वाट बंद करतो. गाल दाबून साठलेली हवा वाद्यात सोडतो आणि त्याच क्षणी नाकाने श्वास घेतो.

हीच युक्ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील आदिवासी डिजरीडू वाजवताना वापरतात. वाळवीने आतून पोखरलेले निलगिरीचे खोड हेच त्यांचे वाद्य. त्याला बोटांची छिद्रे नसतात. 1.25 मीटर लांबीची, एका टोकाला ओठांनी बंद झालेली सरळ नळी घ्या. तिच्या मूलस्वराची तरंगलांबी चौपट, म्हणजे 5 मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला, तर कंपने सेकंदाला 340 ÷ 5 = 68. खर्जातला हा एकच स्वर! मग त्यात विविधता कोठून येते?

'आ' आणि 'ई' एकाच स्वरात म्हणून पाहा. स्वर तोच, पण तोंडाचा आकार बदलताच आवाजाचा रंग बदलतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी 2005 साली मोजून दाखवले, की वादकाच्या मुखपोकळीच्या अनुनादामुळे वाद्यातील काही उपस्वर दबतात व उरलेले ठळक होतात. गालांतली हवा सोडतानाही रंग पालटतो. त्यामुळे श्वास घेण्याची जागा हीच तालातली एक मात्रा बनते. ती चुकली की ताल चुकला.

तबल्याच्या बोलांप्रमाणे हे तालही तोंडाने अक्षरे म्हणून शिकवले जातात. गायक लाकडी टिपऱ्यांनी लय धरतो, आणि आर्न्हेम लँडच्या ईशान्य भागात जोराच्या फुंकरीने काढलेला उंच स्वर त्या लयीत ठरावीक जागीच येतो. लिहिलेले पुस्तक नाही. शिकणाऱ्याचे तोंड हीच वही. म्हणून एका पिढीने शिकणे सोडले, तर नुसते वाद्य उरेल, त्यातला निरोप उरणार नाही.

आता एक प्रयोग. पेलाभर पाण्यात नळी बुडवून फुंका. बुडबुडे न थांबवता नाकाने श्वास घेता येतो का पाहा. पहिल्या दिवशी जमणार नाही. पण तारपा वाजवणाऱ्याचे कौतुक मात्र त्याच दिवशी वाटू लागेल!