संकटातून वाचलेली मुले
(कुटुंबांकरिता व मंडळीच्या सभेकरिता पाठ)

आमचे चारठाणा गाव परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात आहे. १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९४७-४८ साली रझाकारांच्या धाकाने मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे घरदार टाकून सरहद्दीपलीकडे गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सैन्य आत शिरले आणि १७ तारखेस निजामाने हार पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत ठिकठिकाणी मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगवला गेला, व त्याची चौकशी करण्याकरिता पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवावी लागली. एका घरचे मूल रझाकारास भ्याले, दुसऱ्या घरचे मूल सूड घेणाऱ्यास भ्याले. परंतु आईच्या पदरात तोंड लपविणे दोघांचे सारखेच होते. त्या वेळची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांतील कित्येकांस दारावरची अवेळी थाप अजूनही सोसत नाही. ह्याकरिता लढाई, दंगा, भूकंप अथवा घरातील अपघाती मृत्यू ह्यांतून वाचलेल्या मुलास कसे सांभाळावे, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

१. मुलाचे भय ओळखावे.
मूल आपले दुःख शब्दांनी सांगत नाही. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईला क्षणभर सोडीत नाही, किंवा घडलेला प्रसंगच खेळात पुनःपुन्हा मांडते. शाळेत जाणारे मूल पोट दुखते म्हणून घरी राहते आणि धड्यात त्याचे चित्त लागत नाही. मोठा मुलगा उगाच संतापतो, मुलगी अबोल होते. अशा वेळी कोणी त्यास हट्टी म्हणून मारतो, तर कोणी बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारे-धुपारे करितो. ह्या दोहोंनी भय वाढते मात्र. पुष्कळ मुलांची ही चिन्हे मायेच्या माणसांत राहिल्याने काही आठवड्यांत आपोआप ओसरतात.

२. मुलास आपल्या माणसांपासून तोडू नये.
१९४० च्या सप्टेंबरापासून लंडन शहरावर जर्मन विमानांचे बॉम्ब पडू लागले. तेव्हा ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम ह्या दोन बाईंनी मुलांसाठी शिशुगृहे चालविली. तेथे त्यांस असे आढळले की, शांत आईच्या कुशीत असलेले मूल स्फोटही पुष्कळसे सोसते. परंतु सुरक्षित जागी एकटे पाठविलेले मूल विरहाने खंगते. कधी दूर पाठविणे अपरिहार्य असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे मेली, तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांस शिक्षणाकरिता पुण्यास नेले. असा प्रसंग आल्यास भावंडे व एका गावचे सोबती एकत्र ठेवावे, आणि मागे राहिलेल्या नातलगांची भेट तुटू देऊ नये.

३. खरे सांगावे, पण थोडक्यात.
बाप मेला असता "तो गावाला गेला" असे सांगितले, तर मूल रोज वाटेकडे डोळे लावून बसते. "तो झोपला" असे सांगितले, तर ते स्वतः झोपण्यास भिते. मरण हे मरणच आहे असे सोप्या शब्दांत सांगावे, व ह्यात तुझा काही अपराध नाही हेही सांगावे. कारण मुले पुष्कळदा मनातल्या मनात स्वतःला दोष देतात. विचारील तितकेच उत्तर द्यावे. पाहिलेले सर्व बोलून दाखव असा आग्रह मात्र धरू नये. मोबाइलवर व दूरदर्शनवर तीच भयंकर चित्रे पुनःपुन्हा पाहू देऊ नयेत. लहान मुलास प्रत्येक वेळी ते नव्यानेच घडत आहे असे वाटते.

४. नित्यक्रम पुन्हा बसवावा.
ह्याचा उत्तम दाखला कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सैबेरियाकडे हाकलली गेलेली कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांपैकी सुमारे ५,००० माणसे १९४३ ते १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांत बहुतेक बायका व मुले होती. उपासमार व मरणे पाहिलेल्या त्या मुलांकरिता शाळा उघडल्या, बालवीरांची पथके निघाली, नाटके व सण होऊ लागले. उद्या सकाळी घंटा वाजेल आणि गुरुजी येतील, एवढी खात्री मुलाच्या मनास मोठा आधार देते. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या उपकाराचे स्मारक उभे आहे. आपल्या घरीही जेवणाची, शाळेची व निजण्याची वेळ लवकर ठरवावी, आणि मुलास झेपेल असे एखादे काम द्यावे: पाणी भरणे, शेळी बांधणे, धाकट्यास सांभाळणे.

५. आईबापांनी आपलाही भार हलका करावा.
मूल आईच्या चेहऱ्यावरून संकट मोजते. म्हणून शेजारणीने तिचे एक वेळचे जेवण करून देणे ही मुलाचीच सेवा होय. आईबापांनी मुलादेखत रडण्यात काही वाईट नाही. पण रडून झाल्यावर चूल पेटविलेली मुलाने पाहावी.

६. वेळीच मदत मागावी.
महिना उलटूनही मूल झोपत नसेल, खात नसेल, शाळेस जात नसेल, अथवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मनाच्या डॉक्टरांस दाखवावे. मरणाच्या गोष्टी बोलणाऱ्या मुलाकरिता तर महिनाभर वाट पाहूच नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो २०२२ पासून चालू आहे. निराधार किंवा छळ होत असलेल्या मुलाकरिता १०९८ हा क्रमांक आहे. मोडलेल्या हाडास वैद्य लागतो ह्याची आपणांस लाज वाटत नाही. भ्यालेल्या मनाविषयीही वाटू नये.

सभेत विचार करण्याकरिता प्रश्न
१. आपल्या गावात कोणत्या घरी नुकतेच दुःख घडले आहे? त्या घरच्या मुलांशी कोण बोलले?
२. मृत्यूविषयी आपण मुलांस काय सांगतो? त्यातून त्यांचा काय समज होत असेल?
३. १९४८ पाहिलेले कोणी वृद्ध आपल्या घरी असल्यास, त्यांची इच्छा असेल तर, त्यांची हकीकत ह्या आठवड्यात शांतपणे ऐकावी.