पहिला डिजिटल कॅमेरा : पैसे कशावर खर्चावेत?

एस.एल.आर. कॅमेऱ्यात ज्या भिंगातून चित्र टिपले जाते, त्यातूनच आरशाच्या साहाय्याने दृश्य पाहता येते. असा डिजिटल कॅमेरा घ्यायचा, पण पैसे मोजकेच आहेत. मग जास्त मेगापिक्सेल पाहावेत, की चांगले भिंग? गणितालाच विचारू.

८ × १० इंचांचे छायाचित्र इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने छापण्यास २४०० × ३०००, म्हणजे ७२ लाख बिंदू लागतात. २००८ साली निघालेल्या निकॉन डी-९० मध्ये १ कोटी २३ लाख बिंदू होते. म्हणजे जुना, वापरलेला कॅमेराही पुरून उरतो.

आता भिंग पाहू. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ मि.मी. भिंगाचे छिद्र ५५ मि.मी.वर बहुधा एफ/५.६ इतकेच उघडते, ५० मि.मी.चे साधे भिंग एफ/१.८ पर्यंत उघडते. प्रकाश एफ-अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून,

(५.६ ÷ १.८)² = सुमारे ९.७

स्नेहसंमेलनाच्या मंद उजेडात जिथे १/१० सेकंद लागे, तिथे आता जवळजवळ १/१०० सेकंद पुरतो. नाचणारी मुले बरीच कमी पुसट येतात.

तेव्हा कॅमेरा जुना घेऊन उरलेले पैसे भिंगावर खर्चावेत. मात्र भिंग त्या कॅमेऱ्यावर बसते ना, हे आधी पाहावे. तसेच एफ/१६ वर, सूर्य टाळून, निरभ्र आकाशाचे चित्र घ्यावे. काळे ठिपके दिसले, तर आत धूळ आहे असे समजावे.

सोडवून पाहा : एफ/२ वर एफ/४ च्या किती पट प्रकाश मिळेल?