रानडुकराची परवानगी: कुठे चालते, कुठे अंगाशी येते

नान्नज-मार्डीच्या बाजूला ज्वारी हुरड्यात आली की राखणीच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘बंदुकीचं लायसन आहे, रान आपलं आहे, मग डुक्कर मारायला कुणाची हरकत?’ हरकत कायद्याची आहे, आणि ती फार महागात पडते.

पीक संरक्षणाचा बंदूक परवाना फक्त बंदूक बाळगण्यासाठी असतो. शिकारीची परवानगी वेगळी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी कारण नमूद करून ती लेखी देतो. कोणता प्राणी आणि कोणतं क्षेत्र, हे त्या कागदावरच ठरलेलं असतं. शेजाऱ्याच्या बांधापलीकडे तो कागद चालत नाही. तोंडी ‘मारा’ म्हटलेलं तर कुठेच चालत नाही.

पिकाच्या नुकसानीसाठी रानडुक्कर किंवा रोही यांच्याबाबत अशी परवानगी मिळू शकते. काळविटाबाबत नाही. तो अनुसूची 1 मध्ये आहे. त्याने तुरीचा फडशा पाडला तरी पिकाच्या कारणावरून मारण्याची मुभा कायदा देत नाही. आपल्याकडे कळप काळविटांचेच मोठे, त्यामुळे गफलत इथेच जास्त होते. जाळं लावून ससा-तितर धरणं हीसुद्धा शिकारच.

आता हद्द. माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं तेव्हा क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होतं, गावंच्या गावं आत. पुढे ते 1,222 वर आणलं गेलं. म्हणून जुनी माणसं ‘सगळंच अभयारण्यात’ म्हणतात, पोरं ‘सगळं सुटलं’ म्हणतात. दोन्ही चूक. अभयारण्य सलग नाही, आणि सातबारा तुमच्या नावावर असला म्हणजे गट बाहेर आहे असंही नाही. वन विभागाचं तारेचं कुंपण ही हद्द समजू नका. सातबारा घेऊन वन्यजीव विभागाच्या कार्यालयात जा, गट नंबर अधिसूचनेशी ताडून घ्या आणि उत्तर लेखी मागा. हा हेलपाटा अजिबात टाळू नका, कारण पुढचे आकडे त्यावरच ठरतात.

अभयारण्याबाहेर विनापरवाना रानडुक्कर मारलं तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेच अभयारण्यात, किंवा कुठेही काळवीट, तर कैद किमान 3 आणि कमाल 7 वर्षं, दंड किमान 25,000 रुपये. वापरलेली बंदूक, मोटरसायकल, जीप जप्त होते ती वेगळीच. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचं. मटण वाटून घेतलं की नवा गुन्हा. आणि तारेत करंट सोडू नका. डुकरासाठी सोडलेल्या करंटने रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी दगावतो.

स्वस्तातली वाट आहे. जनवन विकास योजनेत गाव बसत असेल तर सौर कुंपणाला 75 टक्के, कमाल 15,000 रुपये अनुदान मिळतं. 20,000 चा संच पदरचे 5,000 घालून होतो. नुकसान झालंच तर 3 दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत मोडलेली ताटं उपटू नका, खुरांचे ठसे दिसतील असे फोटो काढून ठेवा. कुणाकडे जायचं कळत नसेल तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा.